शब्दचर्चा: जंत, जंतू, सिस्ट आणि मार्कर

प्रश्न

आईचे दोन रिपोर्ट एकदमच आले. स्टूल टेस्टच्या कागदावर 'सिस्ट' दिसल्याचं लिहिलंय. दुसरा रक्ताचा आहे, त्यावर मथळाच 'ट्यूमर मार्कर: सीए-१२५'. आई विचारते, ही सिस्ट म्हणजे मावशीच्या अंडाशयात होती तीच का? आणि ट्यूमर मार्कर म्हणजे ट्यूमर आहे असंच ना? डॉक्टरांची वेळ परवाची आहे. तोवर तिला मराठीत नीट कसं सांगू? 'जंत', 'जंतू', 'कृमी', 'परजीवी' यांतला फरकही कुणी सांगेल का?

प्रतिसाद

ताई, आधी सिस्ट, कारण घाबरवणारा शब्द तोच आहे. सिस्ट म्हणजे मुळात पिशवी. अंडाशयातली सिस्ट ही द्रवाने भरलेली गाठ असते, तिचं माप सेंटिमीटरमध्ये लिहितात. स्टूल टेस्टमधली सिस्ट म्हणजे अमिबा किंवा जिआर्डियासारख्या एकपेशीय जिवाची कवचातली अवस्था. आव पाडणाऱ्या अमिबाची सिस्ट साधारण १० ते २० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. शरीराबाहेर पडल्यावर पाण्यात, मातीत टिकून राहायला तो जीव स्वतःभोवती कवच करून घेतो. आईला 'अमिबाचं कवच' म्हणा, लगेच कळेल. 'गाठ' हा शब्द इथे अजिबात नको. आणि सिस्ट दिसली म्हणजे आजार आहेच, असंही नाही. आव पाडणाऱ्या अमिबासारखाच हुबेहूब दिसणारा एक निरुपद्रवी अमिबा असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या सिस्ट वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यामुळे कोणता आहे, औषध लागेल का, हे डॉक्टर लक्षणं बघून ठरवतील.

आता जंत. जंत म्हणजे आतड्यात राहणारा, डोळ्यांना दिसेल असा किडा: गोलकृमी, अंकुशकृमी, सूत्रकृमी, पट्टकृमी. 'कृमी' हा त्याचाच पुस्तकी भाऊ. आयुर्वेदातलं 'कृमिघ्न' त्यावरूनच आलं, आणि आपली वावडिंग त्याच गटातली. 'परजीवी' मात्र मोठी छत्री आहे. तिच्याखाली जंतही येतात आणि अमिबा, जिआर्डियाही. म्हणजे अमिबा परजीवी आहे, पण जंत नाही. आवेसाठी सहसा मेट्रोनिडाझोल देतात, जंतांसाठी अल्बेंडाझोल. परवा डॉक्टरांनी आईला जंताची गोळी दिली नाही, तर ते काही विसरले असं समजू नका.

'जंतू'चा प्रवास वेगळा. संस्कृतात जन्तु म्हणजे कुठलाही प्राणी, आणि 'जीवजंतू' म्हणताना तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मराठीने तो रोगाच्या सूक्ष्म कारणासाठी राखून ठेवला: रोगजंतू, जंतुसंसर्ग, जंतुनाशक. जंत आणि जंतू एकाच घरातले, पण औषधाच्या दुकानात त्यांना वेगळंच ठेवायला हवं. सरकारची मोहीम 'राष्ट्रीय जंतनाशक दिन' या नावाने २०१५ पासून चालते, १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. त्या बातम्यांत 'जंतुनाशक गोळ्यांचे वाटप' असा मथळा वारंवार दिसतो. एका उकाराने अर्थ फिरतो. जंतुनाशक म्हणजे फरशी पुसायचं द्रव्य, ते मुलाच्या तोंडात घालायचं नसतं. शाळांना, अंगणवाड्यांना पत्रकं लिहिणाऱ्यांनी हा उकार दोनदा तपासावा, ही माझी कळकळीची विनंती.

प्रतिसाद

उत्तम माहिती. मार्करचं काय? आमच्याकडच्या एका पत्रकात 'कर्करोगदर्शक' असं छापलं होतं. तो शब्द चालेल ना?

प्रतिसाद

दादा, मला तो खटकतो. 'दर्शक' म्हणजे दाखवून देणारा. मार्कर तसं काही दाखवून देत नाही, तो फक्त सुचवतो. म्हणून मी 'कर्करोगसूचक' म्हणेन, आणि पहिल्यांदा वापरताना पुढे एक वाक्य जोडेन: 'हा आकडा वाढण्याची इतरही कारणं असतात.'

सीए-१२५ हेच बघा. रक्तातलं हे प्रथिन अंडाशयाच्या कर्करोगात बऱ्याचदा वाढतं, पण मासिक पाळीत, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो विकार), ओटीपोटाच्या जंतुसंसर्गातही वाढतं. पोटाच्या क्षयातही वाढतं, आणि आपल्या देशात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पोटात पाणी झालेलं, वजन उतरलेलं, सीए-१२५ वाढलेला, म्हणून कर्करोग धरून चाललेल्या बाईला क्षय निघतो आणि औषधांनी ती बरी होते, अशी उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येतात. उलट बाजूही आहे: सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात हा आकडा अगदी सर्वसाधारण असू शकतो. ३५ ही नेहमी छापली जाणारी मर्यादा त्यामुळे इकडे कर्करोग आणि तिकडे आरोग्य असं सांगणारी रेषा नाही.

ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर याचा मोठा अभ्यास झाला. एका गटाची दरवर्षी सीए-१२५ चाचणी, एका गटाची सोनोग्राफी, आणि उरलेल्यांची यातली कुठलीच तपासणी नाही. २०२१ साली दीर्घ पाठपुराव्याचे निष्कर्ष आले. रक्तचाचणीच्या गटात काही कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले, पण अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून तक्रार नसलेल्या सर्व बायकांनी ही चाचणी करून घ्यावी, असं आज कुणी सांगत नाही. या 'सर्वांची तपासणी' प्रकाराला मराठीत 'चाळणी चाचणी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, कारण चाळणीतून काही निसटतं आणि नको तेही वर राहतं, हे त्यात आपोआप येतं.

सीए-१२५ चा खरा उपयोग निदान झाल्यानंतर. उपचार चालू असताना आकडा उतरतोय की चढतोय, हे त्यावरून कळतं. सीईए, सीए १९-९ या दुसऱ्या ट्यूमर मार्करांचंही बरंचसं तसंच. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए थोडा जास्त असतो, आणि काही लोकांच्या रक्तगटाच्या ठेवणीमुळे त्यांच्या शरीरात सीए १९-९ तयारच होत नाही.

ताई, आईला एवढंच सांगा: 'ट्यूमर मार्कर हे चाचणीचं नाव आहे, निकालाचं नाही.'

प्रतिसाद

मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम पाहते. 'जंतुनाशक'बद्दल थोडं सांगते, कारण रोज याच शब्दावर घोळ होतो.

'निर्जंतुक' आणि 'जंतुनाशकाने पुसलेलं' हे एक नाही. निर्जंतुक म्हणजे एकही जिवंत जंतू नाही, जिवाणूंचे बीजाणूसुद्धा (त्यांची चिवट कवचातली अवस्था) नाहीत. शस्त्रक्रियेची अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, दाबाखालच्या वाफेत ठेवतात, ती निर्जंतुक. टेबल पुसलं की जंतू बरेच कमी होतात, टेबल निर्जंतुक होत नाही. करोनाच्या काळात 'शहराचे निर्जंतुकीकरण' असे मथळे आले. रस्ता कधी निर्जंतुक होत नाही. आम्ही नव्या मुलींना शिकवताना 'जंतू कमी करणं' आणि 'निर्जंतुक करणं' हे दोनच शब्दप्रयोग वापरतो.

आणि एक जंतुनाशक सगळ्यांवर चालत नाही. हाताला लावायच्या अल्कोहोलने क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. कॅन्डिडा ऑरिस नावाची बुरशी २००९ साली जपानमध्ये प्रथम नोंदली गेली, आता आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांतही ती आढळते. फरशी पुसायच्या काही नेहमीच्या द्रव्यांना ती दाद देत नाही. वरच्या चर्चेला जोडून सांगायचं तर, हातावरच्या जंतुनाशकाने जंतांची अंडी मरतील असंही धरू नका. गोलकृमीच्या अंड्यांचं कवच इतकं चिवट असतं की क्लोरीनलाही ती टिकतात. हात साबणाने चोळून धुतले की ती निघून जातात, हा खरा उपाय.

प्रतिसाद

'संसर्ग', 'संक्रमण' आणि 'लागण' यांत बरोबर काय? आमच्या कोल्हापूरकडे लागण म्हटलं की आधी उसाची लागण आठवते.

प्रतिसाद

दोन्ही लागणी खऱ्या, संदर्भावरून कळतं. 'मुलाला गोवराची लागण झाली' हे घरगुती आणि नेमकं मराठी आहे, ते सोडू नये. 'संसर्ग' जरा औपचारिक, रिपोर्टात आणि पत्रकात शोभतो. 'संक्रमण' या अर्थाने हिंदी बातम्यांतून आलं. मराठीत संक्रमण म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाणं, सूर्याचं मकरसंक्रमण म्हणतो तसं. 'अहवाल सकारात्मक आला' हेही नको. त्यापेक्षा 'तपासणीत क्षयाचे जंतू सापडले' असं सरळ लिहावं.

जंतांबाबत मात्र यातलं काहीच जुळत नाही. आपण 'जंतांची लागण' क्वचितच म्हणतो. 'जंत झाले' म्हणतो, आणि तेच ठेवावं.