मॅलेट फिंगर: स्प्लिंट मध्येच काढलेल्या पेशंटबद्दल मदत हवी आहे

नमस्कार सीनियर्स, मी ऑक्युपेशनल थेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या हँड पोस्टिंग चालू आहे. एका काकूंना गादीखाली चादर खोचताना अनामिकेला झटका बसला आणि शेवटचं पेर खाली लोंबलं. एक्स-रेत हाड शाबूत, म्हणजे टोकाचं एक्स्टेन्सर टेंडन (बोट सरळ करणारा स्नायूबंध) तुटलंय, हेच मॅलेट फिंगर. डीआयपी (नखाजवळचा सांधा) सरळ ठेवणारा स्प्लिंट (आधारपट्टी) दिला, पीआयपी (बोटाचा मधला सांधा) मोकळा. चौथ्या आठवड्यात त्यांनी कणीक मळायला तो काढला. बोट पुन्हा वाकलं, आता 6 ते 8 आठवड्यांची मोजणी पहिल्यापासून! फार वाईट वाटलं, कारण त्या मनापासून येत होत्या.

स्प्लिंटखालची त्वचा पांढरी, ओलसर झालीये. बोट टेबलावर सपाट टेकवून धुवायला शिकवलंय, पण घरी एकटीने जमत नाही म्हणतात. तुम्ही पेशंटला हे कसं शिकवता?

दुसरं, त्यांचा पीआयपी थोडा मागे झुकतोय. ही स्वान नेकची (पीआयपी मागे झुकलेला आणि डीआयपी वाकलेला, अशा व्यंगाची) सुरुवात समजायची का? बुटोनिएर या बोटाच्या दुसऱ्या व्यंगात नेमकं उलटं, पीआयपी वाकलेला आणि डीआयपी ताठ, एवढं पक्कं आहे. पण स्वान नेक रोखायला पीआयपीलाही स्प्लिंटमध्ये घ्यावं का, आणि किती दिवस? मॅडमना उद्या विचारणारच आहे, तरी तुमचे अनुभव नक्की सांगा.