टेम्पोतून उतरलेली गाडी: उचलून, ओढून नेताना मोडलेल्या गाड्यांचे अनुभव

अनुजा_गॅलरीवाली

आज सकाळी कपडे वाळत घालत होते. खाली गल्लीत ट्रॅफिकवाल्यांचा गाड्या उचलणारा टेम्पो आला, भोंग्यावरून दोन नंबर ओरडले आणि चार पोरांनी एक स्प्लेंडर उचलून आत ठेवली. ठेवलीच म्हणायचं, आवाज मात्र आपटल्याचा आला. लेगगार्ड पत्र्यावर घासल्याचा तो आवाज ऐकला आणि मला एकदम २०११चा नोव्हेंबर आठवला.

बाबा रिटायर झाले त्याच वर्षी. हयातीचा पहिलाच दाखला द्यायला बँकेत गेले होते. येझदी रोडकिंग बाहेर लावलेली. बाहेर येऊन बघतात तर गाडीच्या जागी रस्त्यावर खडूने नंबर आणि चौकीचं नाव. मी कॉलेजातून परस्पर चौकीत गेले. (शहर, चौकी मुद्दाम लिहीत नाही, उगाच भांडण नको.) बाबांनी दंड भरला, पावतीवर सही केली आणि मग आम्हाला मागच्या अंगणात सोडलं. गाडी डाव्या अंगावर पडलेली. येझदीवाल्यांना माहीत आहे, किक आणि गियर एकच दांडा, तोही डावीकडे. तो मुळातून वाकलेला. म्हणजे किक पण गेली आणि गियर पण. डाव्या सायलेन्सरला मोठा पोचा आणि हँडल एका बाजूला अडकून बसलेलं, कारण लॉक होतं.

बाबा काही बोलले नाहीत. मीच बोलले. तर साहेब म्हणाले, "आजोबा, जुनी गाडी आहे, आधीचंच असेल. आणि गाडी सुस्थितीत मिळाली म्हणून सही केलीय तुम्ही." खरंच त्या पावतीवर खाली बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. गाडी दाखवायच्या आधी सही! बाबांनी फडकं मागितलं, टाकी पुसली, आणि दोन किलोमीटर आम्ही ढकलत घरी आलो. किकपेक्षा त्यांना 'आजोबा' जास्त लागलं असं आई अजून म्हणते. अठ्ठावन्न वर्षांचे होते ते.

दंड बरोबर की चूक यावर नको. गाडी मोडली तेव्हा तुम्ही काय केलंत ते लिहा.

सुसाट_पण_हळू

हँडल लॉक हेच कारण. लॉक असलं की पुढचं चाक तिरकं राहतं, गाडी सरळ ढकलता येत नाही. मग पोरं घासत ओढतात नाहीतर हिसका देतात. लॉकची पिन तुटते किंवा टी (हँडलखालचा, पुढच्या चाकाचा चिमटा धरणारा भाग) वाकते. माझ्या युनिकॉर्नची टी गेली. घरी येईपर्यंत कळलं नाही, दुसऱ्या दिवशी सिग्नलला ब्रेक दाबला तर गाडी आपोआप उजवीकडे. मेकॅनिक म्हणाला, चिमटा पण आऊट आहे.

बोरकूट

मग लॉक न करता लावायची का? चोर नेतील की. टेम्पोवाला निदान पावती देतो.

सुसाट_पण_हळू

@बोरकूट 😂 बरोबर आहे

तर्रीबाज

आमच्याकडचं ऐका. नवीन पल्सर, भाटव्याची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. भाटवे दिवाळीला आलेले, सकाळी झोपलेले, मी म्हटलं जरा तर्री-पोहे आणून टाकू. चावी घेतली, निघालो. पोहे बांधून होईस्तोवर गाडी गायब. हातात पोह्याची पिशवी, पायात चप्पल, चौकीत गेलो तर गाडीचा उजवा इंडिकेटर वायरीले लटकून राहिला आणि टाकीवर आडवी रेघ. शेजारच्या गाडीचं लेगगार्ड घासलं होतं. टेम्पोत गाड्या अशा चिकटवून भरतात ना, एकीचा हाडका दुसरीच्या बरगडीत.

भाटव्यांनी काहीच म्हटलं नाही. ताईनं म्हटलं. अजून म्हणते. दहा वर्षं झाली. पोहे गार झाले ते वेगळंच.

चिंगी७

तर्रीबाज 🤣🤣 पोहे कुणी खाल्ले शेवटी?

तर्रीबाज

भाटव्यांनीच.

पॉलिसीवाला_नाना

कुकर लावून आलोय, थोडक्यात लिहितो. लोकांना वाटतं विमा फक्त अपघाताला. तसं नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पॉलिसीत असेल (नुसती थर्ड पार्टी नव्हे) तर गाडी रस्त्याने, रेल्वेने कुठे नेली जात असतानाचं नुकसानही त्यात बसतं. दुचाकीला सक्तीची वजावट १०० रुपये, म्हणजे तेवढे आपल्या खिशातून. पण प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, झीज म्हणून. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जाते. ती पहिल्या वर्षी २० टक्के असते, चढत चढत ५० पर्यंत जाते. त्यामुळे इंडिकेटर, आरसा असल्या गोष्टींना कुणी क्लेम करू नये, हिशेबात तोटाच. टी, चिमटा, टाकी गेली असेल तर करावा. जागच्या जागी फोटो आणि चौकीत लेखी अर्ज, त्यावर पोच. पोच महत्त्वाची. शिट्टी झाली, येतो.

अनुजा_गॅलरीवाली

नाना, आम्हाला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! अर्ज वगैरे डोक्यातच आलं नाही. फोटोही नाही, माझ्याकडे साधा फोन होता.

माजी_टेम्पोवाला

लिहू की नको असा विचार करत होतो. मी त्या टेम्पोवर सहा महिने होतो, बारावी नापास झाल्यावर. तुमच्या शिव्या खाल्ल्यात मी, त्यामुळे नवीन काही नाही.

आम्हाला गाडीमागे पैसे होते. जितक्या उचलाल तितके. दोन फेऱ्यांच्या मध्ये चहाला पण वेळ नाही. दोघं पुढच्या चाकाला, दोघं मागे. मागचे धरायला कॅरियर बघतात, कॅरियर नसेल तर सायलेन्सर. तो तापलेला असतो. माझ्या डाव्या हातावर अजून डाग आहे. हातमोजे कुणी दिले नाहीत. अ‍ॅक्टिव्हा शंभरच्या थोडी वर, चौघांत काही नाही. बुलेट दोनशेला टेकते, ती आम्ही शक्यतो बघायचोच नाही, साहेब ओरडला तरच. बुलेट उचलताना एकाचा हात सुटला की बाकीच्या तिघांनी काय करायचं? सोडायची. पाय काढून घ्यायचा आणि सोडायची. अनुजाताई, तुमच्या बाबांची गाडी अशीच सुटली असणार. फेकत कुणी नाही हो. फेकायला ताकद लागते, ती अकरा वाजेपर्यंतच असते.

मालक यायच्या आधी टेम्पोत टाकायची असते, घाई त्याची. मालक आला की भांडण, भांडण झालं की फेरी गेली.

चिंगी७

हे वाचून गप्प झाले. मी कायम त्या पोरांनाच बोलायचे.

बोरकूट

पाय काढून घ्यायचा आणि सोडायची... बाप रे. आता काय करता दादा?

माजी_टेम्पोवाला

गॅरेज आहे स्वतःचं. वाकलेल्या टी सरळ करतो 😄

घाटवाट

उचलण्याचं नाही, ओढण्याचं लिहितो. चालेल ना? ताम्हिणीत, जुलै, धो धो. मित्राची बुलेट बंद. एक पिकअपवाला थांबला, देवमाणूस. म्हणाला टोचन करू. दोर त्याच्याकडे होता, अक्कल कुणाकडेच नव्हती. दोर बांधला सरळ हँडलला, गाठ मारून. मित्र वर बसला. पिकअप निघाली, पहिल्या वळणापर्यंत झकास. वळणावर पिकअप आत वळली आणि दोरानं हँडल त्याच बाजूला खेचलं. मित्र आडवा, गाडी त्याच्यावर, पिकअपवाल्याला पावसात काही ऐकू नाही. वीसेक फूट गेली असेल. क्लच लिव्हर, फूटरेस्ट, हेडलाइट, गुडघा.

नंतर एका जुन्या ट्रकवाल्यानं शिकवलं: दुचाकीला टोचन करूच नये. अगदीच वेळ आली तर दोर बांधायचा नाही, एक वेढा मारून टोक हातात धरायचं, म्हणजे सोडता येतं. त्यापेक्षा छोटा हत्ती बोलवावा. आम्ही शेवटी तेच केलं. पिकअपवाल्याने पैसे घेतले नाहीत, वर आम्हालाच भजी खिलवली.

मीठमिरची

ताम्हिणीतली भजी! कुठल्या टपरीवर?

घाटवाट

आता आठवत नाही. गुडघ्याला फडकं बांधून खाल्ली एवढं आठवतं.

श्टुटगार्टकर

इथे माझी गाडी बंद पडली तेव्हा एडीएसीची (इथली मोटारवाल्यांची संघटना) पिवळी गाडी आली. त्या माणसानं हात लावायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढले, जुने ओरखडे कागदावर लिहून घेतले, माझी सही घेतली, मगच पट्टे लावले.

बोरकूट

@श्टुटगार्टकर आमच्याकडे पण सही आधीच घेतात 😐

श्टुटगार्टकर

😂😂 मान्य

जागरण_गोंधळ

कुणी मूव्हर्सवाल्यांचं लिहिलं नाही अजून? बदली झाली, पुण्याहून बंगळूरला गाडी पाठवली. नाव घेत नाही. सात दिवस म्हणाले, एकोणीस दिवसांनी आली. टाकीला पोचा, मागचं मडगार्ड चिरलेलं. आणि मीटर? देताना मी फोटो काढला होता. आली तेव्हा ८४ किलोमीटर जास्त! म्हणजे कुणीतरी माझ्या गाडीवर भाजी आणली, पोरं शाळेत सोडली, काय काय केलं देव जाणे. पोच्याचा राग गेला, मीटरचा अजून आहे.

फोन करून दमलो. मग वकील मैत्रिणीनं सांगितलं की रस्त्याने मालवाहतुकीचा २००७चा कायदा आहे, त्यात बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर नंतर दावा करता येत नाही. रजिस्टर पोस्टाने दिली. सोबत लिहिलं की ग्राहक आयोगात जाणार आहे. ती तक्रार आता ऑनलाइन होते आणि आपण राहतो तिथेच करता येते, त्यांच्या हेड ऑफिसच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. नोटीस पोचली आणि नवव्या दिवशी 'सर' म्हणून फोन. टाकीचे पूर्ण पैसे दिले. ८४ किलोमीटरच्या पेट्रोलचे मागितले तर हसले.

रुळावरची

मी रेल्वेने पाठवली होती, पार्सलमध्ये. काही झालं नाही, म्हणून लिहिते, सगळं रडगाणं नको. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. आरसे, इंडिकेटर काढून पिशवीत. मग बाहेरच्या पॅकिंगवाल्याने पेंढा आणि गोणपाट असं शिवलं की गाडी नव्हे, लग्नातली रुखवताची बाहुली वाटत होती. टाकीवर जास्तीचा पेंढा घालून घ्या, तिथे हात आखडतात. आणि नाव-गाव गोणपाटावर दोन ठिकाणी मोठ्या अक्षरात. उतरवून घेतल्यावर पेट्रोल कुठून आणणार ते आधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं. ढकलली.

चिंगी७

या धाग्यात सगळेच ढकलतायत 😄

पेन्शनर_काका

अनुजा, विषय वेगळा आहे पण सांगतो. हयातीच्या दाखल्यासाठी वडिलांना आता बँकेत नेऊ नकोस. जीवन प्रमाण म्हणून आहे, फोनवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो. माझा नातवाने करून दिला. पहिल्यांदा झाला नाही, चष्मा काढल्यावर झाला.

मीठमिरची

काका, आईचं बोट लागत नाही यंत्राला, भांडी घासून ठसे गेलेत. चेहऱ्याने होतं का नक्की?

पेन्शनर_काका

होतं. उजेडात बसव. पापण्या मिटायला सांगतं मधेच, आधी सांगून ठेव म्हणजे घाबरणार नाही.

बोरकूट

२०२१ ला पुण्यात नाना पेठेत गाडीवर माणूस बसलेला असतानाच गाडी उचलली होती, व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, आठवतंय का? तेव्हा आमच्या ग्रुपवर एकजण म्हणाला होता की गाडी वाचवायचा हा एकच मार्ग, वर बसून राहायचं. तोही बंद झाला.

तर्रीबाज

बसलेला माणूस सुस्थितीत मिळाला अशी सही कोण करते मग?

पंचगंगाकाठ

अनुजाताई, येझदीचं पुढं काय झालं ते लिहिलंच न्हाई की! गाडी हाय का दिली?

अनुजा_गॅलरीवाली

आहे. खाली पार्किंगमध्ये, जुन्या चादरीखाली. बाबा पुण्याला नाना पेठेत दोनदा जाऊन आले दांड्यासाठी. पहिला मिळाला तो बसेना, आतले दाते वेगळे. दुसरा बसला पण गियर टाकला की निसटायचा. मग कंटाळले. सायलेन्सरचा पोचा मात्र त्यांनी काढू दिला नाही. डेंटर म्हणाला दोन तासांत काढतो, तर म्हणाले राहू दे. का ते सांगत नाहीत. आणि ती पावती टूलबॉक्समध्ये आहे अजून.

माजी_टेम्पोवाला, तुमचं दुपारी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, त्या पोराचा हात बरा झाला का.

माजी_टेम्पोवाला

झाला ताई. डाग आहे फक्त. काकांना नमस्कार सांगा.

पंचगंगाकाठ

माझ्याकडं ओरिजनल दांडा हाय. दोन येझद्या खोलून एक केली, त्यातला उरलाय. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात तवा विकायला नेणार हुतो, आता नेत न्हाई. फक्त आतल्या दात्यांचा फोटो टाका, जवळनं, आणि शाफ्टची जाडी मोजून सांगा. पट्टीनं नको, व्हर्नियरनं.

अनुजा_गॅलरीवाली

व्हर्नियर बाबांकडे असेल, शाळेत फिजिक्सच शिकवायचे. आत्ता झोपलेत. उठले की चहा देऊन खाली घेऊन जाते.

मीठमिरची

काका, उजेडात बसवलं, पापण्या मिटल्या, पण 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतंय. चष्मा काढलाय. कुंकू पण काढायचं का?