लेड झेपेलिनची थोरवी: वादनाची, की रचनांचीही?

चर्चाप्रस्ताव (लेखक: खर्ज)

लेड झेपेलिन हा इंग्लिश रॉक बँड १९६८ मध्ये सुरू झाला आणि ढोलवादक जॉन बोनम याच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये थांबला. या बारा वर्षांच्या कामावर उभी राहिलेली कीर्ती आज चार दशकांनंतरही ओसरलेली नाही. थोरल्या भावाने आणलेल्या कॅसेटवर त्यांचे पहिले गाणे ऐकले तेव्हापासून मी त्यांचा श्रोता आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्या प्रेमाला सोडून नाही. माझे म्हणणे असे आहे की, वादक म्हणून आणि ध्वनिमुद्रणातले कारागीर म्हणून त्यांना मिळालेला मान पुरेपूर रास्त आहे, परंतु रचनाकार म्हणून मिळालेल्या मानाचा मोठा हिस्सा दुसऱ्यांचा आहे आणि तो त्यांच्या खात्यातून वजा झाला पाहिजे.

जानेवारी १९६९ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमवर 'यू शुक मी' आणि 'आय कान्ट क्विट यू बेबी' ही दोन गाणी आहेत आणि दोन्हींवर ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकारातले शिकागोचे रचनाकार विली डिक्सन यांचे नाव स्पष्ट छापलेले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या अल्बमचे पहिले गाणे 'होल लॉटा लव्ह' हे मात्र तेव्हा बँडच्या सदस्यांच्या नावावर आले, जरी त्यातले शब्द डिक्सन यांनी लिहिलेल्या आणि ब्लूज गायक मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये गायलेल्या 'यू नीड लव्ह' या गाण्याशी उघडच नाते सांगतात. याच अल्बमवरचे 'द लेमन साँग' हे हाउलिन वुल्फ यांच्या 'किलिंग फ्लोर'वर बेतलेले आहे, आणि 'ब्रिंग इट ऑन होम'चा आरंभ व शेवट सनी बॉय विल्यमसन यांनी गायलेल्या डिक्सन यांच्याच गाण्यातून उचललेला आहे. डिक्सन यांना १९८५ मध्ये न्यायालयात जावे लागले आणि १९८७ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे 'होल लॉटा लव्ह'च्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले. डिक्सन कोण आहेत हे बँडला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय पहिल्याच अल्बमने ठेवलेली नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट मला अनवधानाची वाटत नाही.

'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'ची कथा याहून बोलकी आहे. जेक होम्स या अमेरिकन गायकाने हे गाणे १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित केले. त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये त्याने यार्डबर्ड्स या बँडच्या कार्यक्रमाआधी आपली गाणी सादर केली, आणि पुढे लेड झेपेलिनचा गिटारवादक झालेला जिमी पेज त्या वेळी यार्डबर्ड्समध्ये होता. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवर हे गाणे एकट्या पेजच्या नावावर आले. होम्सने २०१० मध्ये दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला, आणि आता श्रेयात 'जेक होम्स यांच्यापासून प्रेरित' असे शब्द असतात.

आपल्याकडे बंदिश कोणीही गावी, तिच्यात कितीही विस्तार करावा, पण अंतऱ्यात 'सदारंगीले' आले की गवई ते गातोच. 'सदारंग' या नावाने बंदिशी रचणारे नियामत खाँ जाऊन अडीचशे वर्षे उलटली तरी त्यांची मुद्रा कोणी काढून टाकत नाही. किंवा एखाद्या कीर्तनकाराने एका अभंगावर दोन तास निरूपण केले आणि त्यात स्वतःचे पुष्कळ काही घातले, तरी शेवटी 'तुका म्हणे' हे शब्द येतातच. लेड झेपेलिनने नेमके हे शेवटचे चरण गाळले, आणि माझा आक्षेप तेवढ्याच कृतीवर आहे. जुनी रचना घेऊन ती फुलवण्यावर माझा मुळीच आक्षेप नाही.

प्रतिसाद (काळी दोन)

आपण दिलेल्या तपशिलांशी माझा वाद नाही, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य होत नाही. 'होल लॉटा लव्ह' आज ज्यामुळे ओळखले जाते तो गिटारचा आवर्ती तुकडा, मधला तो विलक्षण ध्वनींचा पट्टा, आणि त्यातून गाण्यात परत येताना बोनमने दिलेला धक्का, यांतले काहीही मडी वॉटर्स यांच्या ध्वनिमुद्रिकेत नाही. डिक्सन यांचे शब्द घेतले, हे खरे. तेवढ्यापुरते श्रेय आणि पैसे त्यांचे, हेही खरे. पण श्रोत्यांनी पन्नास वर्षे या गाण्यावर जो जीव लावला तो त्या शब्दांसाठी नाही, आणि कीर्ती हा श्रोत्यांनी दिलेला मान असतो, श्रेयनामावलीतून निघणारा हिशेब नसतो.

दुसरे असे की, आरोप करताना सगळ्या गोष्टी एकाच पारड्यात टाकल्या जातात. 'स्टेअरवे टू हेवन' हे गाणे स्पिरिट बँडच्या १९६८ सालच्या 'टॉरस'मधून चोरले, असे आजही लोक सर्रास म्हणतात. त्यावर २०१४ मध्ये दावा लागला, २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने लेड झेपेलिनच्या बाजूने कौल दिला, अपिलात फेरसुनावणीचा आदेश झाला, आणि अखेर मार्च २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने ज्यूरीचा मूळ कौलच कायम केला. एकेका अर्ध्या स्वराने खाली उतरणारी ती स्वरपंक्ती पाश्चात्त्य संगीतात शतकानुशतके वापरात आहे. ती कोणा एकाची मालमत्ता असूच शकत नाही.

आणि हे सारे त्या काळात एकटे तेच करत होते असेही नाही. 'यू नीड लव्ह'वरूनच स्मॉल फेसेस या बँडने १९६६ मध्ये 'यू नीड लव्हिंग' बनवले आणि तेही स्वतःच्या नावावर. तेव्हाच्या लंडनमधली पोरे ब्लूजच्या तबकड्या ऐकत मोठी झाली होती आणि लोकगीतासारखे ते सामायिक धन आहे अशी त्यांची भाबडी समजूत होती.

प्रतिसाद (ओसरी)

'भाबडी समजूत' हा शब्द मला पटला नाही. क्रीम या बँडने १९६६ मध्ये, त्याच लंडनमध्ये आणि त्याच पिढीत असताना, 'आय एम सो ग्लॅड' ध्वनिमुद्रित केले आणि स्किप जेम्स यांचे नाव दिले. स्किप जेम्स तेव्हा हयात होते आणि आजारी होते. नाव छापण्यातून अशा वृद्ध कलावंताच्या घरी थोडे पैसे पोहोचतात, ही साधी गोष्ट त्या काळीही सर्वांना कळत होती. म्हणून काळाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही.

प्रतिसाद (लग्गी)

मी तबला शिकलो आहे, आणि या चर्चेत बोनमबद्दल एकाच वाक्याचा उल्लेख यावा याचे मला वाईट वाटते. एकच गोष्ट तपशिलाने सांगतो. १९७५ सालच्या 'कश्मीर' या गाण्यात गिटार आणि इतर वाद्ये तीन-तीन मात्रांच्या वजनाने चालतात, आणि बोनम मात्र चार मात्रांचा सरळ ठेका धरून राहतो. दोघांची सम बारा मात्रांनी एकत्र येते, आणि ती येईपर्यंत ऐकणारा एका अधांतरी ताणात राहतो. आपल्याकडे चौपटीच्या तालात तिस्र जातीची, म्हणजे तीन-तीनच्या गटांची, लय धरली की जो आनंद होतो, त्याच्याशी हे फार जवळचे आहे. फरक इतकाच की आपल्याकडे वादक हे कौशल्य दाखवतो, आणि बोनम ते लपवतो; तो इतका साधा वाजवतो की अवघड काही चालले आहे हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. (गाण्याचे नाव 'कश्मीर' असले तरी त्याचे शब्द बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याला मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर सुचले; तोवर त्याने काश्मीर पाहिलेही नव्हते.) हे गाणे कोणत्याही ब्लूज गायकाचे नाही. 'रचनाकार म्हणून मिळालेला मान दुसऱ्यांचा' असे म्हणताना 'कश्मीर' कोणत्या खात्यात घालायचे, हे मूळ लेखकांनी सांगावे.

प्रतिसाद (खर्ज)

लग्गी यांचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि 'कश्मीर' मी निःसंकोच बँडच्याच खात्यात घालतो. 'स्टेअरवे टू हेवन'बाबतही काळी दोन यांचे म्हणणे मान्य करतो. मी प्रस्तावात त्या गाण्याचा उल्लेख केला नाही तो याच कारणाने. मात्र त्या निकालाला एक बाजू आहे. जुन्या कायद्याप्रमाणे केवळ नोंदवलेल्या छापील स्वरलिपीचाच विचार करायचा असल्यामुळे ज्यूरीला 'टॉरस'ची ध्वनिमुद्रिका तुलनेसाठी ऐकवली गेली नव्हती. तरीही माझ्या कानाला ती दोन गाणी वेगळीच वाटतात.

पण कीर्ती म्हणजे केवळ श्रोत्यांचा मान, हे मला मान्य होत नाही. श्रोता ज्याला मान देतो त्याचे नाव त्याला कोणीतरी सांगितलेले असते. कॅसेटच्या वेष्टनावर जे नाव होते त्यालाच मी अनेक वर्षे मनोमन नमस्कार केला, आणि विली डिक्सन हे नाव मला कळले तेव्हा मी तिशी ओलांडली होती. 'नोबडीज फॉल्ट बट माइन' हे गाणे ब्लाइंड विली जॉन्सन यांनी १९२७ मध्ये ध्वनिमुद्रित केले, १९४५ मध्ये ते टेक्सासमध्ये दारिद्र्यात वारले, आणि लेड झेपेलिनच्या १९७६ च्या अल्बमवर त्याचे श्रेय पेज आणि प्लांट यांच्याकडे गेले. संगीत त्यांनी पुष्कळ बदलले, हे मी मानतो. पण शीर्षक आणि ध्रुवपद तेच ठेवून नाव वगळावे, याला मी कलेतले स्वातंत्र्य म्हणू शकत नाही.

प्रतिसाद (काळी दोन)

बंदिशीच्या मुद्रेचा दाखला आपण दिलात म्हणून तिची दुसरी बाजू मांडतो. सदारंग यांची मुद्रा असलेल्या सगळ्या बंदिशी सदारंगांच्याच आहेत असे जाणकार मानत नाहीत, आणि तुकोबांच्या नावावर चालणाऱ्या अभंगांत प्रक्षिप्त किती याचा वाद अजून मिटलेला नाही. नाव आणि रचना यांचे नाते आपल्याकडेही सैलच होते. शिवाय पैशाचा प्रश्न निघालाच आहे तर हेही सांगितले पाहिजे की, मडी वॉटर्स आणि डिक्सन यांना १९७० च्या दशकात त्यांची गाणी प्रकाशित करणाऱ्या आर्क म्युझिक या कंपनीविरुद्धच मानधनासाठी न्यायालयात जावे लागले होते. 'द लेमन साँग'बद्दल १९७२ मध्ये तडजोड झाली तीही याच प्रकाशकाशी. त्या कलावंतांवर अन्याय झाला, पण त्याची सुरुवात लंडनमध्ये झाली नव्हती.

प्रतिसाद (ओसरी)

प्रक्षिप्त अभंगांचा दाखला तर उलट दिशेला जातो. तिथे अनाम कवीने स्वतःची रचना थोराच्या नावावर घातली आणि स्वतःला पुसून टाकले. इथे थोराची रचना आपल्या नावावर घेतली आणि त्याला पुसून टाकले. नात्याचा सैलपणा दोन्हीकडे असेल, पण या दोन कृती एका मापाने मोजता येणार नाहीत. प्रकाशकाने आधी लुबाडले होते, हे खरेच आहे. पण त्यामुळे दुसऱ्या हाताचा दोष कमी होत नाही.

प्रतिसाद (गिरगाव)

या चर्चेत मुंबईचा संबंध कोणीच आणलेला नाही, म्हणून लिहितो. पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये ते वाजवायला बसले ही हकीकत आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक अजून सांगतात. पण अधिक महत्त्वाचे म्हणजे, त्यांनी इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही स्वतःची दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. वादकांचे संचालन बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांनी केले होते. ही ध्वनिमुद्रणे त्रेचाळीस वर्षे पडून राहिली आणि २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत प्रकाशित झाली. ती ऐकताना मला दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच वेळी खरे वाटते. 'फ्रेंड्स'मध्ये इथले तालवाद्य आणि तंतुवाद्य ज्या सहजतेने मिसळले आहे ते ऐकल्यावर या माणसांचा कान किती मोकळा आणि किती तयार होता याची खात्री पटते. त्या काळात पूर्वेकडे वळलेल्या कितीतरी बँडांनी सतार केवळ रंगासाठी वापरली, तसे इथे झालेले नाही. आणि तरीही गाण्याच्या शीर्षकापुढे उल्लेख आहे तो 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढाच.

पहिल्या अल्बमवर 'ब्लॅक माउंटन साइड' या तुकड्यात विराम जसानी यांनी तबला वाजवला आहे, आणि त्यांचे नाव वेष्टनावर आहे. परंतु तो तुकडा ज्यांच्या गिटारवादनावर सरळ बेतलेला आहे त्या बर्ट जॅन्श यांचे नाव तिथे नाही. साथीदाराचे नाव द्यावे, आणि ज्याच्याकडून चाल घेतली त्याचे देऊ नये, हे मला आजवर उमगलेले नाही.

प्रतिसाद (लग्गी)

ध्वनिमुद्रणाच्या कारागिरीचा उल्लेख प्रस्तावात आहे, पण त्याचे उदाहरण राहून गेले, ते मी देतो. आणि ते देताना मूळ लेखकांच्या बाजूला थोडा सरकतो. १९७१ च्या चौथ्या अल्बममधले 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ऐका. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत बोनमचे ढोल जिन्याच्या तळाशी असलेल्या प्रवेशदालनात मांडले होते, आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. तोवर ढोलाशेजारी मायक्रोफोन ठेवण्याची पद्धत रूढ होत चालली होती. इथे मात्र सगळी इमारतच वाजते आहे असे वाटते. पुढच्या काळात हा ठेका असंख्य हिप हॉप ध्वनिमुद्रणांत उचलला गेला, म्हणजे उसनवारीचे चक्र त्यांच्यावरूनही फिरून गेले.

हे गाणे मुळात १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचे आहे आणि १९२९ मध्ये मेम्फिस मिनी व तिचा पती कॅन्सस जो मकॉय यांनी ते ध्वनिमुद्रित केले. लेड झेपेलिनने या गाण्यावर मेम्फिस मिनीचे नाव दिले, तेही कोणी दावा न लावता, आणि हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मात्र १९२९ च्या त्या तबकडीवर मिनी गिटार वाजवते आहे. गातो आहे तो जो मकॉय, आणि त्याचे नाव तिथे नाही.