पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरातील वाय-फायची सुरक्षितता : सल्ला हवा आहे

धागाकर्ता, पर्वरी

नमस्कार. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. फायबर जोडणीबरोबर मिळालेला एकच राउटर आहे आणि त्याचा पासवर्ड, म्हणजे आमचाच मोबाइल क्रमांक, खोलीत लिहून ठेवलेला असतो. त्याच नेटवर्कवर आमचे फोन, सासऱ्यांचा बँकेच्या कामाचा लॅपटॉप आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) आहे. नवा राउटर घ्यावा की आहे त्यातच बंदोबस्त होईल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद, मडगाव

नवा राउटर घेण्याआधी आहे त्यातच पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट नेटवर्क' सुरू करता येते का, हे पाहा, कारण पाहुणे आणि घरातील उपकरणे एकाच नेटवर्कवर असणे हाच तुमचा मुख्य धोका आहे. एकच पासवर्ड सर्वांना दिला की पाहुण्याचा फोन तुमच्या डीव्हीआरपर्यंत सहज पोहोचू शकतो. शिवाय डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या प्रचलित सुरक्षा पद्धतीमध्ये ज्याला पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्याने दुसऱ्याचे उपकरण नेटवर्कला जोडले जातानाची देवाणघेवाण टिपली आहे, त्याला त्या उपकरणाची वाय-फायवरील वाहतूक उलगडता येते. बँकेच्या संकेतस्थळांचे स्वतःचे कूटबंधन (एन्क्रिप्शन) असते, म्हणून खात्याचा तपशील लगेच उघड होत नाही. तरीही घरातील उपकरणे पाहुण्यांपासून वेगळी असायलाच हवीत.

मोबाइल क्रमांकाचा पासवर्ड आजच बदला. वर सांगितलेली देवाणघेवाण रस्त्यावरूनही टिपता येते, आणि ती एकदा हाती आली की पुढचे अंदाज राउटरला न विचारता स्वतःच्या संगणकावर कितीही वेळा करता येतात. भारतातील दहा अंकी मोबाइल क्रमांक चांगल्या ग्राफिक्स कार्डावर काही तासांत तपासून होतात. परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द जोडून लांब पासवर्ड करावा. ६३ अक्षरांपर्यंत मुभा असते.

त्यानंतर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून उपकरण जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ अंकी असल्यामुळे दहा कोटी शक्यता असाव्यात असे वाटते, परंतु शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो आणि राउटर पहिले चार अंक बरोबर आहेत की नाही हे स्वतंत्रपणे सांगून टाकतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. ही त्रुटी २०११ मध्येच उघड झाली. पुढे काही उत्पादकांनी चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप लागण्याची सोय केली. तरीही हे बटण चालू ठेवण्यासारखे काही कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद, फोंडा

नेटवर्कचे नाव लपवून फक्त ओळखीच्या उपकरणांचे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कवरील ओळख क्रमांक) नोंदवले, तर पुरेसे होणार नाही का? आमच्या घराच्या चिऱ्यांच्या भिंती जाड आहेत, त्यामुळे सिग्नल बाहेर फारसा जात नाही.

प्रतिसाद, मडगाव

नाही. लपवलेले नाव उपकरणे जोडली जाताना हवेत दिसतेच आणि मॅक पत्ता नक्कल करता येतो. चिरे सिग्नल कमी करतात हे खरे, पण खिडक्या आणि बाल्कांव (घरापुढची ओसरी) उघडेच असतात, आणि दिशादर्शक अँटेना असलेला माणूस बराच दूर उभा राहू शकतो.

प्रतिसाद, म्हापसा

डीव्हीआरचा मूळ पासवर्ड आणि राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्डही बदलावा. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून येणारे ठरावीक पासवर्ड वापरूनच असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. बाहेरून राउटर चालवण्याची सोयही बंद ठेवावी. पाहुण्यांच्या वापराबाबत एक गोष्ट ध्यानात असू द्या : २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवला गेला आणि तपास प्रथम त्याच्याच दारी पोहोचला. म्हणून गेस्ट पासवर्ड प्रत्येक मुक्कामानंतर बदलणे योग्य ठरेल.

धागाकर्ता, पर्वरी

मनःपूर्वक आभार. आमच्या राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कचा पर्याय आहे, मात्र डब्ल्यूपीए३, म्हणजे डब्ल्यूपीए२ नंतरची नवी सुरक्षा पद्धत, नाही. तेवढ्यासाठी राउटर बदलावा का?

प्रतिसाद, मडगाव

लगेच नको. डब्ल्यूपीए३ मध्ये टिपलेल्या देवाणघेवाणीवरून घरबसल्या अंदाज बांधता येत नाहीत, हा मोठा लाभ आहे. परंतु लांब पासवर्ड असेल तर डब्ल्यूपीए२-एईएस (एईएस कूटबंधनासह डब्ल्यूपीए२) आजही चालण्यासारखे आहे. पाहा की उत्पादक तुमच्या राउटरला अद्ययावत फर्मवेअर (राउटरमधील अंगभूत सॉफ्टवेअर) देतो का. २०१७ मध्ये क्रॅक नावाची डब्ल्यूपीए२ मधील त्रुटी उघड झाली, तेव्हा ती उपकरणांच्या अद्ययावतीकरणानेच दूर करता आली. अद्ययावतीकरण थांबले असेल, तर नवा राउटर घ्या आणि तो डब्ल्यूपीए३ चाच असू द्या.