मदत हवी आहे: जुने 'अ‍ॅनिमेज' अंक कोकणातल्या पावसाळ्यात कसे जपावेत?

नमस्कार मंडळी,

माझे मामा नोकरीनिमित्त बरीच वर्षं नागोयाला होते. आता कायमचे परत आलेत. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी जमवलेले 'अ‍ॅनिमेज' या अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या, मासिकाचे अंक त्यांनी माझ्या हवाली केलेत. बहुतेक अंक 1980 च्या दशकातले आहेत, खाली थोडे 'न्यूटाइप' या तशाच मासिकाचेही आहेत. मी रत्नागिरीला राहते, त्यामुळे जूनच्या आत काहीतरी सोय करायलाच हवी. पण कपाटात कोंडून ठेवायचे नाहीत, मला ते वाचायचे आहेत.

ज्यांना या मासिकाची ओळख नाही त्यांच्यासाठी: तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेने 1978 मध्ये 'अ‍ॅनिमेज' सुरू केलं. हायाओ मियाझाकींची 'नौसिका' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, फेब्रुवारी 1982 च्या अंकापासून याच मासिकात क्रमशः येत होती. मध्ये मोठमोठे खंड पडत ती मार्च 1994 च्या अंकात पूर्ण झाली. तिचे सात खंड पुस्तकरूपात मिळतात आणि मी ते वाचलेत. तरीही मासिकात वाचण्याची मजा वेगळीच. मांगाची पानं संपली की त्या महिन्याचं टीव्हीचं वेळापत्रक येतं, रेकॉर्डच्या जाहिराती येतात, वाचकांनी पाठवलेली चित्रं येतात. त्या चित्रांवर माझा फार जीव आहे. एका अंकात कुणीतरी पोस्टकार्डावर काळ्या शाईने 'उरुसेइ यात्सुरा' या मालिकेतली लम काढून पाठवली आहे. केसांची एकेक बट सुटी, आणि कोपऱ्यात जागा उरली नाही म्हणून सही उभी केलेली. छापून आलेलं बघून त्या मुलीला काय वाटलं असेल! 1979 पासून हे मासिक वाचकांची मतं मागवून वर्षातला आवडता अ‍ॅनिमे आणि आवडती पात्रं निवडतं. त्या निकालांची पानं मी पुन्हापुन्हा बघते.

तर अडचणी अशा. कागद गुळगुळीत, चकचकीत आहे. मागच्या पावसात माझी साधी पुस्तकंसुद्धा बुरसली, मग या कागदाचं काय होईल? घरात कसरही आहे. डांबराच्या गोळ्या चालतील का? काही अंकांत घडीची पोस्टरं अजून आतच आहेत. काढून भिंतीवर लावायचा मोह होतोय, पण अंक अपुरा होईल असंही वाटतं. आणि पाच-सहा अंकांची मुखपृष्ठं फाटलीत, ते कोणत्या महिन्याचे हे कसं ओळखायचं? मला हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या येतात, कांजी ही चिन्हलिपी जेमतेम.

प्रतिसाद

ताई, आधी जपण्याचं सांगतो. मी दापोलीकडचा, घरात आजोबांच्या पोथ्या आहेत, त्यामुळे दमट हवेशी कायमची गाठ.

चकचकीत कागदाला लावलेला थर ओल लागली की विरघळतो आणि सुकताना पानं एकमेकांना चिकटतात. एकदा चिकटली की रंगासकट उचकटतात. त्यामुळे भिंतीला टेकून किंवा जमिनीवर ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, अंक आडवे ठेवा, थप्पी फार उंच नको. आत सिलिका जेल घाला आणि त्याचा रंग बदलला की तापवून कोरडं करून परत वापरा. डबा घट्ट नसेल तर सिलिका जेलचा काही उपयोग नाही, ते खोलीभरची हवा शोषत बसतं. मुख्य म्हणजे कोरड्या दिवसांत भरा. आता पाऊस तोंडावर आल्यावर भरलात तर ओल आतच कोंडली जाईल.

डांबराच्या गोळ्या नकोत. वास कागदात मुरतो, आणि तुम्हाला तर वाचायचे आहेत. आमच्याकडे वेखंडाची पुरचुंडी ठेवतात. कसरीला खरा उपाय म्हणजे हात फिरता ठेवणं. महिन्यातून एकदा अंक चाळा, म्हणजे वाचनही होईल. उन्हात मात्र घालू नका, छपाईचा रंग उडतो.

प्रतिसाद

मी पुण्यात जपानी शिकतेय, महिना ओळखण्याचं सोपं आहे. आतल्या शेवटच्या पानावर किंवा मागच्या मुखपृष्ठावर प्रकाशनाची तारीख असते. ती बऱ्याचदा शोवा या जपानी कालगणनेच्या वर्षात असते, त्यात 1925 मिळवा. म्हणजे शोवा 57 असेल तर 1982. त्यानंतरचं हेइसेइ असेल तर 1988 मिळवा. अंकावरचा महिना विक्रीच्या तारखेच्या पुढचा असतो, त्यामुळे आतल्या कार्यक्रमांच्या तारखा मागच्या महिन्याच्या दिसल्या तर गोंधळू नका.

पोस्टर काढू नका गं! जुन्या अंकांच्या बाजारात फुरोकु, म्हणजे अंकासोबतची भेट, जागेवर आहे की नाही हे आधी बघतात. चांगला स्कॅन करून त्याची छापील प्रत भिंतीवर लाव. राहिलेले अंक हवे असतील तर मांदाराके ही जुनी मांगा-मासिकं विकणारी दुकानांची साखळी बघ. तोक्योच्या नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलातलं त्यांचं दुकान प्रसिद्ध आहे आणि ते परदेशीही पाठवतात. मागवताना फुरोकु आहे का हे नक्की विचार.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लगेच एक फाटका अंक काढून पाहिला: शोवा 59, म्हणजे 1984! 'नौसिका'चा सिनेमा त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आला होता, तेव्हा आता तो अंक आधी वाचायला घेते. दादा, मे महिन्यात डबा भरला तर चालेल ना? इथे तेव्हाही हवेत दमटपणा असतोच.

प्रतिसाद

मे नको. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, तेव्हा हवा कोरडी असते. यंदापुरतं असं करा: एसीची खोली असेल तर अंक दोन दिवस तिथे सुटे ठेवा आणि तिथेच डबा बंद करा. सिलिका जेल नेहमीपेक्षा जास्त घाला, पहिल्या आठवड्यात रोज रंग बघा. आणि त्या 1984 च्या अंकात वाचकांची चित्रं असतील तर इथे वर्णन नक्की लिहा.