नील यंगचा 'नवीन' अल्बम म्हणजे नक्की कुठला?

पेठेतला_ग्रंज:
मंडळी जरा मदत करा. नील यंग या रॉक गायकाचे हार्वेस्ट आणि रस्ट नेव्हर स्लीप्स हे अल्बम कॉलेजपासून पाठ आहेत, पण नंतर बरीच वर्षं संपर्क तुटला. आता परत सुरुवात करावी म्हटलं तर बाबाचे एकेका वर्षात दोन-दोन तीन-तीन अल्बम! १९४५चा जन्म, ऐंशी झाली तरी थांबायचं नाव नाही. २०२५चा टॉकिन टू द ट्रीज लावला, रिव्ह्यू वाचले तर कुणी म्हणतं मनापासून गायलाय, कुणी म्हणतं घाईत उरकलंय. कोणाचं ऐकू आणि पुढे काय लावू?

फझपेडल:
आधी एक कर, अल्बम कधी आला ते बघूच नकोस, रेकॉर्ड कधी झाला ते बघ. अर्धे 'नवीन' अल्बम नवीन नाहीतच राव. होमग्रोन आला २०२० ला पण गाणी १९७४-७५ची, टोस्ट २०२२ला आला तो २००१ मधे क्रेझी हॉर्स या त्याच्या जुन्या बँडबरोबर करून डब्यात टाकलेला, आणि ओशनसाइड कंट्रीसाइड २०२५चा म्हणतात तो चक्क १९७७चा. हे बाजूला काढलेस की खरंच नवे फार उरत नाहीत. बार्न (२०२१), निर्माता रिक रुबिनबरोबरचा वर्ल्ड रेकॉर्ड (२०२२), आणि तू लावलास तो, ज्यात क्रेझी हॉर्स नाहीये, क्रोम हार्ट्स नावाचा बँड आहे, कंट्री गायक विली नेल्सनचा पोरगा मायका गिटारवर. बार्नपासून सुरुवात कर. कोलोरॅडोतल्या जुन्या लाकडी कोठारात रेकॉर्ड केलाय, ती खोली ऐकू येते अक्षरशः.

निशाचर७७:
+१. आणि रिव्ह्यूंचं म्हणशील तर या माणसाच्या बाबतीत पहिल्या आठवड्यातलं मत धरून बसू नये. हार्वेस्टलाच रोलिंग स्टोन मासिकाने झोडपलं होतं, आणि १९७२ मधे अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तोच! ऑन द बीच आता सगळे डोक्यावर घेतात, पण २००३पर्यंत त्याची धड सीडीसुद्धा नव्हती. ट्रान्स या अल्बमची तर लोकांनी टरच उडवली, व्होकोडर म्हणजे आवाज यंत्रासारखा करणारं उपकरण, त्यातून रोबोटसारखा काय गातोय म्हणून. नंतर त्यानेच सांगितलं की मुलाला सेरेब्रल पाल्सी, बोलता येत नाही, त्याच्याशी बोलायची धडपड आहे ती. हे कळल्यावर परत ऐक, पोटात कालवतं. गेफेन या त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने तर १९८३ला त्याला कोर्टात खेचला, ३३ लाख डॉलरचा दावा, का तर म्हणे तू नील यंगसारखे अल्बम देत नाहीस 😂

कडू_कारलं:
सगळं मान्य, पण म्हणून आत्ताचं प्रत्येक गाणं उद्या क्लासिक ठरणार असं नाही हां. वर्ल्ड रेकॉर्डमधे पर्यावरणाची तळमळ खरी आहे पण शब्द भाषणासारखे झालेत, आणि टॉकिन टू द ट्रीजमधे टेस्लावर तोंडसुख घेतलंय ते एकदा ऐकायला मजा येते, दुसऱ्यांदा नाही. आवाज मात्र अजून तसाच, पातळ आणि थोडा रडवेला, त्यासाठी सगळं माफ. मी तर सरळ टोस्ट लावीन.

पेठेतला_ग्रंज:
धन्यवाद लोक्स! बार्न आणि मग टोस्ट. स्पॉटिफायवर आहे ना पण? मधे काढलं होतं ना सगळं?

फझपेडल:
आहे आहे. जानेवारी २०२२ला स्पॉटिफायवरच्या जो रोगनच्या पॉडकास्टमधल्या कोविडच्या चुकीच्या माहितीवरून भांडून काढलं होतं, मार्च २०२४ला परत आला, कारण तोच पॉडकास्ट अ‍ॅपल आणि अ‍ॅमेझॉनवर पण गेला, मग सगळीकडूनच गाणी काढायची का? पण नाद लागला तर नील यंग अर्काइव्हज ही त्याची स्वतःची साइट बघच. पैसे भरावे लागतात, पण फायलींचं कपाट असतं तसा स्क्रीन, खण उघडायचा, गाण्याचं कार्ड काढायचं, त्यावर रेकॉर्डिंगची तारीख, स्टुडिओ, वाजवणारे सगळे लिहिलेले. रविवारी उघडू नकोस एवढंच सांगतो, जेवायच्या हाका ऐकू येत नाहीत.