छोट्या विजेच्या भट्टीची कॉइल: तार नायक्रोमची घ्यावी की कँथलची?

प्रश्न : चाकावरची (रावपुरा, बडोदे)

सर्वांना नमस्कार. आमच्या घराच्या मागच्या पडवीत मातीकामासाठी एक छोटी विजेची भट्टी आहे. तिचा आतला गाळा ३० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असून दार समोरून उघडते. ती घरातल्या सिंगल फेजवर, म्हणजे २३० व्होल्टवर चालते आणि ३ किलोवॅटची आहे, असे घेताना सांगितले गेले होते. दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या भिंतीच्या विटांत चर कापून त्यांत कॉइल बसवलेली आहे.

पहिली तीन वर्षे मी फक्त पणत्या, कुंड्या आणि बिस्किट फायरिंगची (ग्लेझ चढवण्याआधीच्या पहिल्या भाजणीची) भांडी भाजत होते. १००० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीने कधी त्रास दिला नाही. गेल्या वर्षापासून स्टोनवेअरच्या (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या) मातीवर ग्लेझ (काचेसारखा लेप) चढवून भांडी १२०० ते १२२० अंशांपर्यंत नेण्याचा प्रयत्न करते आहे आणि तेव्हापासून कॉइल तीन वेळा तुटली आहे. दुसऱ्या वेळी दुरुस्तीला आलेल्या कारागिराने १८ गेजची नायक्रोम तार बसवली आणि कॉइल चरातून बाहेर येऊ नये म्हणून वरून फायरक्लेचा लेप देऊन ती जवळजवळ बुजवून टाकली. ती कॉइल अकराव्या भाजणीला गेली. लेप फोडून पाहिले तेव्हा आतले चार-पाच वेढे एकमेकांना चिकटून वितळले होते आणि त्यांच्याभोवतीची माती काळी, काचेसारखी झाली होती.

आता सगळे नव्याने करायचे ठरवले आहे. तार नायक्रोमची घ्यावी की कँथलची, किती गेजची आणि किती लांब घ्यावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. दुसरी शंका अशी की कॉइलच्या मागे विटाच ठेवाव्यात की हल्ली मिळणारे सिरॅमिक फायबरचे ब्लँकेट लावावे?

उत्तर : तारजोड (मकरपुरा, बडोदे)

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हीटर गुंडाळण्याच्या कामात माझी एकवीस वर्षे गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तार कोणती, हा प्रश्न तुमच्या बाबतीत तापमानच सोडवून टाकते. ८०-२० (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम) नायक्रोम तारेची स्वतःची कमाल मर्यादा सुमारे १२०० अंश आहे. ही मर्यादा तारेच्या अंगाची आहे, भट्टीच्या हवेची नव्हे, आणि तार नेहमीच गाळ्यापेक्षा जास्त तापलेली असते. गाळा १२२० अंशांवर न्यायचा म्हणजे तारेला तिच्या मर्यादेच्या पलीकडे ढकलणे आले. कँथलच्या ए-वन जातीची मर्यादा १४०० अंश आणि डी जातीची १३०० अंश आहे. तुमच्या कामाला ए-वनच हवी.

तरीही माझ्या मते तुमच्या कॉइलला खरे मारले ते तारेच्या बारीकपणाने आणि त्या लेपाने. बहुतेक लोक ओहम मोजतात, तो जुळला की समाधान मानतात आणि तिथेच फसतात. २३० व्होल्टवर ३ किलोवॅट हवे असतील तर रोध १७.६ ओहम लागतो, हे गणित बरोबर आहे, पण १७.६ ओहम तुम्ही बारीक आखूड तारेनेही आणू शकता आणि जाड लांब तारेनेही. दोन्हींत वीज तेवढीच खर्च होते, मात्र ती उष्णता बाहेर टाकायला तारेचा किती पृष्ठभाग मिळतो, यावर तारेचे आयुष्य ठरते. १८ गेजची, म्हणजे १.२२ मिलिमीटर जाडीची नायक्रोम तार १७.६ ओहमसाठी जेमतेम १९ मीटर लागते. तिचा पृष्ठभाग सुमारे ७२५ चौरस सेंटिमीटर भरतो आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ४ वॅटच्या वर भार येतो. १२०० अंशांच्या भट्टीत हा भार दीड ते दोन वॅटच्या आत असावा.

हेच गणित कँथल ए-वनवर करून पाहा. १६ गेजची (१.६३ मिलिमीटर) तार सुमारे २५ मीटर लागते आणि भार २.३ वॅट येतो, जो अजूनही जास्तच आहे. १५ गेजची (१.८३ मिलिमीटर) तार ३२ मीटर लागते, तिचा रोध मीटरमागे ०.५५ ओहम असतो आणि भार १.६४ वॅटवर उतरतो. १४ गेज घेतली तर भार १.२ वॅट इतका कमी होईल, पण ३९ मीटर तार तुमच्या छोट्या गाळ्यात नीट बसवता येणार नाही. म्हणून १५ गेज घ्या. वजनाने ती सुमारे ६०० ग्रॅम भरेल. टोकांसाठी लागणारी तार वेगळी धरा.

८ मिलिमीटरच्या गुळगुळीत सळईवर ती गुंडाळली की बाहेरचा व्यास ११.७ मिलिमीटर होतो, म्हणजे तारेच्या जाडीच्या सुमारे ६.४ पट. कँथल तापल्यावर नरम पडते, त्यामुळे यापेक्षा मोठा वेढा घेतला तर तो स्वतःच्या वजनाने आडवा होतो. एक हजाराच्या वर वेढे बसतील आणि चिकटून गुंडाळलेली कॉइल १.९ मीटर लांब होईल. तुमच्या तीन भिंती मिळून एका ओळीत ९० सेंटिमीटर मिळतात, तेव्हा पाच ओळी धरल्या तर कॉइल साडेचार मीटरपर्यंत, म्हणजे २.४ पट ताणावी लागेल. दोन वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीहून थोडी जास्त फट राहील आणि तेवढीच असावी. ताण सगळीकडे सारखा पडला पाहिजे, कारण जिथे वेढे दाटीवाटीने राहतात तिथेच तार पहिल्यांदा जाते.

दुकानात गेलात की खिशात एक लोहचुंबक ठेवा. कँथलमध्ये लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम असते, त्यामुळे ती चुंबकाला चिकटते. ८०-२० नायक्रोम चिकटत नाही. ए-वन आणि हलकी जात यांतला फरक मात्र चुंबक सांगू शकत नाही. दहा मीटर तार मोजून मल्टिमीटर लावला तर १५ गेजच्या ए-वनला साडेपाच ओहमच्या आसपास आणि डी जातीला ५.१ ओहम दिसायला हवेत. तारेच्या जाडीत थोडा उणेअधिकपणा असतोच, म्हणून यावर पूर्ण विसंबू नका आणि बिलावर जात स्पष्ट लिहून घ्या.

उत्तर : कलाभवनचा नातू (इंदूर)

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, पण नायक्रोमची बाजू कोणीतरी मांडायला हवी असे वाटते. माझे आजोबा बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकले आणि पुढे इंदुरात त्यांनी मीनाकामाच्या भट्ट्या बांधल्या. त्या सगळ्या नायक्रोमच्या होत्या आणि त्यांतली एक मी आजही ८५० अंशांवर चालवतो. नायक्रोमचे पेटंट अमेरिकेत ॲल्बर्ट मार्श यांनी १९०६ साली घेतले. कँथल त्यानंतर स्वीडनमध्ये आली आणि तिचे नाव हान्स फॉन कान्टझोव्ह आणि हालस्टाहामर हे गाव यांच्या नावांतून जुळवलेले आहे. नवी आली म्हणून जुनी निरुपयोगी ठरली, असे झालेले नाही.

नायक्रोमचा मोठा गुण असा की ती तापून थंड झाल्यावरही लवचीक राहते. चरातून निसटलेला वेढा चिमट्याने पुन्हा आत बसवता येतो. कँथल एकदा लाल होऊन थंड झाली की तिच्यातले कण वाढतात आणि ती ठिसूळ होते. मी एकदा कँथलचे वापरलेले एलिमेंट गार असतानाच बोटाने जरासे सरळ करायला गेलो, तर ते वाळक्या काडीसारखे कट्‌ आवाज करून हातात आले. तेव्हा चाकावरची ताई जर पुन्हा केवळ पणत्या आणि बिस्किट फायरिंगपुरतीच भट्टी वापरणार असतील, तर जाड नायक्रोम त्यांना अधिक सोयीची पडेल. स्टोनवेअर करायचे असेल तर कँथलला पर्याय नाही, हे मलाही मान्य आहे.

उत्तर : ओली माती (ग्वाल्हेर)

तारेविषयी लिहून झाले आहे, म्हणून मी दुसऱ्या शंकेवर लिहिते, कारण कॉइल कशावर बसते आणि तिचे तोंड किती उघडे राहते, याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

तारेने आपली उष्णता समोरच्या भांड्यांकडे फेकली पाहिजे. तिच्यावर लेप दिला की उष्णता मागे कोंडते आणि तार गाळ्यापेक्षा शेकडो अंशांनी जास्त तापते. तुम्हाला दिसलेली काळी काच हा त्याचाच पुरावा आहे. शिवाय साध्या फायरक्लेत लोह आणि क्षार असतात. त्या तापमानाला ते तारेवरच्या संरक्षक थराशी मिसळतात आणि तो थर खाऊन टाकतात. कँथलचा सगळा जीव त्या पातळ ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) थरात असतो. म्हणून चर १५ मिलिमीटर रुंद कापा, तोंड पूर्ण मोकळे ठेवा आणि कॉइल बाहेर येऊ नये म्हणून कँथलच्याच तारेच्या यू आकाराच्या पिना करून विटेत तिरप्या रोवा. लोखंडी खिळा चुकूनही वापरू नका.

विटा हलक्या, हॉट फेस इन्सुलेशनच्या (थेट उष्णतेसमोर बसवता येणाऱ्या) आणि शक्यतो पांढऱ्या, कमी लोहाच्या घ्या. त्या साध्या हॅकसॉने कापता येतात आणि चर कानशीने साफ करता येतो. चर झाल्यावर भुगा व्हॅक्युमने पूर्ण काढून टाका. सिरॅमिक फायबरचे ब्लँकेट विटांच्या मागे, बाहेरच्या पत्र्याच्या आत लावले तर वीज वाचते आणि बाहेरचा पत्राही कमी तापतो. ते आतल्या बाजूला कॉइलखाली लावू नये असे माझे ठाम मत आहे. कॉइल त्यात रुतते, वेढे झाकले जातात आणि वारंवार तापून ते ब्लँकेट ठिसूळ होऊन त्याची धूळ भांड्यांवर आणि आपल्या श्वासात येते. ही धूळ फुप्फुसांना घातक आहे, त्यामुळे ब्लँकेट कापताना चांगला मास्क लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि जागा ओल्या फडक्याने पुसून घ्या. घरात लहान मुले असतील तर हे काम पडवीत करू नका.

नवी कॉइल बसली की पहिली भाजणी रिकाम्या भट्टीची करा. वरचे छिद्र उघडे ठेवून सावकाश १०५० अंशांवर न्या आणि सात-आठ तास तिथेच धरा. भरपूर हवा मिळाली की तो ॲल्युमिनाचा थर घट्ट आणि एकसारखा बसतो. घाईने पहिल्याच दिवशी ग्लेझची भांडी लावली तर ग्लेझमधल्या बोरॅक्सच्या वाफा उघड्या धातूवर जातात. पुढेही फळ्या आणि भांडी कॉइलपासून किमान अडीच सेंटिमीटर दूर ठेवा. ग्लेझचा एक थेंब वेढ्यावर पडला तरी तिथे खड्डा पडतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर : चाकावरची

तिघांचेही मनापासून आभार. लेपाचा मला संशयही आला नव्हता; उलट कारागिराने मजबूत काम केले असेच मी समजत होते. जुन्या तारेच्या तुकड्याला चुंबक लावून पाहिला, चिकटला नाही.

आणखी एक अडचण आहे. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज २१० पर्यंत उतरते आणि मध्यरात्रीनंतर २४० च्या आसपास जाते. याचा कॉइलवर परिणाम होईल का? आणि कॉइलची टोके बाहेर कशी काढावीत?

उत्तर : तारजोड

परिणाम निश्चित होतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १७.६ ओहमच्या कॉइलला २१० व्होल्ट मिळाले तर भट्टी अडीच किलोवॅटची होते आणि २४० मिळाले तर सव्वातीन किलोवॅटपर्यंत जाते. म्हणून शेवटचे दोनशे अंश रात्री दहानंतर चढतील अशा बेताने भट्टी लावा. कँथलचा रोध तापल्यावर फक्त चार टक्क्यांनी वाढतो, त्याची काळजी नको.

टोकांची तार दुमडून दोन पदरांचा पीळ घाला आणि तो विटेच्या भोकातून बाहेर काढा. दोन पदर झाल्याने प्रत्येक पदरातून निम्मा प्रवाह जातो आणि त्याची उष्णता एक चतुर्थांश होते, त्यामुळे टोक तुलनेने थंड राहते. बाहेर जाड पितळी कनेक्टर लावा, तांब्याची तार ४ चौरस मिलिमीटरची घ्या आणि भट्टीला प्लगवर न चालवता वेगळ्या २० अँपिअरच्या एमसीबीवरून जोडणी द्या. १३ अँपिअर आठ-नऊ तास ओढले की साधा प्लग आतून जळतो. भट्टीच्या पत्र्याला अर्थिंग, लाइनवर ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि दार उघडताच वीज तोडणारा लिमिट स्विच, या तीन गोष्टींवर एक रुपयाही वाचवू नका. तापलेली तार उघडीच असते आणि तिच्यात २३० व्होल्ट खेळत असतात. जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर : चाकावरची (पाच आठवड्यांनंतर)

काम पूर्ण झाले, म्हणून कळवते. १५ गेजची ए-वन तार मिळाली, दहा मीटरला ५.४ ओहम भरले. कॉइल ताणताना घरातल्या दोघांनी दोन टोके धरली आणि मी मधून वेढ्यांतली फट मोजत गेले. बसवल्यावर थंड रोध १७.९ ओहम आला. रिकाम्या भाजणीनंतर दार उघडले तेव्हा चकचकीत तार सगळीकडे सारखी, फिकट राखाडी आणि खरखरीत झालेली होती. काल रात्री ग्लेझच्या पहिल्या भाजणीत आठ तास वीस मिनिटांत १२१५ अंश गाठले आणि वरच्या फळीवरचा कोन (ठरावीक तापमानाला वाकणारा मातीचा छोटा सुळका) हवा तितका वाकला.

एकच गोष्ट खटकते. डाव्या बाजूचा पितळी कनेक्टर उजव्यापेक्षा बराच जास्त तापतो आणि त्याच्याजवळची स्लीव्ह (तारेवरचे आवरण) किंचित तपकिरी झाली आहे.

उत्तर : तारजोड

तो स्क्रू पहिल्या मोठ्या भाजणीनंतर ढिला पडलेला असणार, कारण तापून-थंड होताना पितळ आणि कँथल वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. मेन स्विच बंद करा, भट्टी पूर्ण गार होऊ द्या, कनेक्टर काढून तारेच्या टोकावरचा राखाडी थर एमरी पेपरने घासून धातू उघडा करा आणि पीळ अजिबात न वाकवता स्क्रू पुन्हा आवळा. स्लीव्ह बदला. पुढच्या दोन भाजण्यांनंतर दोन्ही कनेक्टर पुन्हा तपासा.